बोर्ड लागला, गाडी नाही: आकाश टॅबलेटचं प्रकरण

पूर्वी मी तालुक्याच्या गावात एमएस-सीआयटीचा क्लास चालवायचो. बारा मशिन, एक म्हातारा यूपीएस, आणि लाइट गेली की सगळ्यांना सुट्टी असा कारभार. जुलै २०१० मध्ये पेपरात फोटो आला, केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल हातात पाटीएवढं एक यंत्र धरून उभे, आणि बातमी अशी की हे पस्तीस डॉलरला म्हणजे साधारण दीड हजार रुपयाला विद्यार्थ्यांना मिळणार. झालं. दुसऱ्या दिवसापासून पालक क्लासच्या दारात. "सर, तो दीड हजाराचा कॉम्प्युटर तुमच्याकडे येणारे का?" मी आपला सांगतोय, अहो अजून कुठेच नाही आला, दाखवलाय फक्त. तर म्हणायचे, पेपरात आलंय की.

एकच माणूस वेगळं विचारायचा. आमच्या गल्लीतले तात्या, एसटीत कंडक्टर. ते दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, एकच सांगा, बोर्ड लागलाय का गाडी लागलीय?" ज्यांनी स्टँडवर आयुष्याचे तास घालवलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. फलाटावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, माइकवर अनाउन्समेंट पण होते, लोक पिशव्या उचलून पुढे सरकतात, आणि गाडी अजून डेपोत धूत असतात. किंवा ड्रायव्हर आलेला नसतो. कधीकधी गाडीच ब्रेकडाऊन असते आणि ते सांगायला माइकवर कोणी येत नाही.

त्या पाटीला पुढे आकाश टॅबलेट असं नाव पडलं, आणि तिचं सगळं प्रकरण मला तात्यांच्या त्या एका प्रश्नावर लावून बघायचंय, कारण तेव्हा दोनच पार्ट्या होत्या, एक म्हणे सगळी फेकाफेकी आहे, दुसरी म्हणे देशाचं काही चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला, आणि मी पहिल्या पार्टीत होतो हे आधीच कबूल करतो. आता पंधरा वर्षांनी बघताना वाटतं की आमच्या पार्टीने पण शंका चुकीच्या ठिकाणी घेतली होती.

गोष्ट २०१० ची नाहीच मुळात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एक. जगभर गाजावाजा झाला. २००७ च्या शेवटी तो लॅपटॉप खरंच कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा किंमत होती १८८ डॉलरच्या आसपास. म्हणजे वस्तू आली, पण शंभरचा आकडा काही आला नाही, आणि मजा अशी की नाव मात्र लोकांच्या तोंडी 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' हेच राहिलं. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने, म्हणजे तेव्हाच्या शिक्षण खात्याने, ही योजना २००६ मध्येच नाकारली होती, शिक्षणाच्या दृष्टीने हे कितपत बरोबर आहे असा त्यांचा आक्षेप होता. इथपर्यंत मला मंत्रालयाचं बरोबरच वाटतं. पण मग चढाओढ लागली. त्यांचा शंभरचा ना, मग आमचा दहाचा!

२००७ साली बातम्या आल्या की वेल्लोरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचं आणि बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या संशोधकाचं अशी दोन डिझाइनं मंत्रालयाकडे आहेत आणि खर्च सध्या ४७ डॉलरपर्यंत येतोय, पण लाखोंनी बनवले की दहा डॉलरवर उतरेल. हा ४७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे. कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हा एकच आकडा कोणीतरी हिशोब करून काढलेला होता, बाकीचे सगळे नुसते बोललेले.

फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला कार्यक्रम झाला. तेव्हाचे मंत्री अर्जुन सिंह. पेपरात आधीपासून 'पाचशे रुपयांचा लॅपटॉप' म्हणून हवा, परदेशी पत्रकारसुद्धा डोळे लावून बसलेले, आणि पेटीतून निघालं काय तर साधारण दहा इंच बाय पाच इंचाचं, माहिती साठवायचं उपकरण. लॅपटॉप नाहीच. आत काय आहे ते बघायचं तर दुसरा कॉम्प्युटर जोडायला लागणार. किंमत पण दहा डॉलर नाही, वीस ते तीसच्या मध्ये कुठेतरी. खूप हसं झालं. माझ्या क्लासात त्यावर आठवडाभर विनोद चालले होते, एक पोरगं पेन ड्राइव्ह दाखवून म्हणायचं, सर हा बघा माझा लॅपटॉप.

तर अशी तोंडाची चव गेलेली असताना २२ जुलै २०१० ला सिब्बलांनी ती पाटी दाखवली. टचस्क्रीन, इंटरनेट, व्हिडिओ, पीडीएफ, सगळं चालतं म्हणाले, आणि पस्तीसवर थांबले नाहीत, पुढे वीस डॉलर आणि शेवटी दहा डॉलरपर्यंत आणायचंय असंही सांगितलं. पुढच्या वर्षी मुलांच्या हातात. निग्रोपाँटेंनी तर जाहीर पत्र लिहून स्वागत केलं आणि आमच्याकडचं सगळं तंत्रज्ञान तुम्हाला खुलं आहे म्हणून कळवलं. शंभरचा आकडा ज्याच्या हातातून निसटला होता त्याने पस्तीसवाल्याला मदत देऊ करणं यात टोमणा होता का मनापासून होतं ते ज्याने त्याने ठरवावं, मला दोन्ही वाटतं.

आता आम्ही शंकेखोर लोक तेव्हा काय म्हणत होतो? हे चायनाचं आहे, आतून रिकामं असेल, पस्तीस डॉलरमध्ये स्क्रीनसुद्धा येत नाही, वगैरे. म्हणजे आमची सगळी शंका 'हे यंत्र खरं आहे का' यावर. पण यंत्र खरंच होतं की. नमुना बनवणं यात काही अवघड नव्हतंच, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरलात तरी बिननावाचे सात इंची टॅब दिसायला लागले होते, जुळवाजुळव करून एक तुकडा कोणीही दाखवू शकला असता. विचारायचं होतं ते हे की मंत्री आज नक्की काय जाहीर करतायत. डिझाइन? कंपनी ठरली? टेंडर निघालं? तसं काहीच नव्हतं. जाहीर केली होती ती किंमत. वस्तू कोण बनवणार ते ठरायच्या आधी किंमत ठरली होती, आणि मग त्या किमतीत बसेल असं कोणी सापडतंय का ते बघायचं होतं. आधी कळस मग पाया.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण 'लाखोंनी बनवलं की स्वस्त होतं' हे वाक्य सगळेच मान हलवून ऐकतात. चिप स्वस्त होते हे खरं, प्रोसेसर आणि मेमरीच्या किमती दर वर्षी उतरत गेल्या हे आपण क्लासवाल्यांनी बिलावर बघितलंय. पण टॅबलेट म्हणजे नुसती चिप नाही. काच आहे, एलसीडी पॅनल आहे, बॅटरी आहे, प्लास्टिकची बॉडी आणि तिचा साचा आहे, चार्जर आहे, खोका आहे, जहाजाचं भाडं आहे, ड्युटी आहे, जोडणाऱ्या माणसाची मजुरी आहे, आणि शंभरातले जे काही परत येणार ते बदलून द्यायचा खर्च आहे. यातलं काहीही चिपच्या वेगाने स्वस्त होत नाही, बॅटरीतलं रसायन आणि खनिज तेलापासून बनणारं प्लास्टिक यांना तुमच्या योजनेचं काही पडलेलं नसतं. त्यामुळे खाली एक तळ असतो, त्याच्याखाली किंमत जात नाही, गेली तर कुठलातरी भाग कमी केलेला असतो किंवा कोणीतरी गुपचूप पदरचे घालत असतो. दहा डॉलर हा त्या तळाच्या खूपच खालचा आकडा होता आणि हे २००७ चा ४७ काढणाऱ्याला नक्की माहीत असणार.

मग टेंडर. आधी एका मोठ्या भारतीय कंपनीचं नाव आलं, बँक गॅरंटीवरून ते फिसकटलं. काम आयआयटी राजस्थानकडे, म्हणजे जोधपूरला दिलेलं, एक लाख टॅबलेट विकत घेऊन तपासायचे म्हणून सुमारे ४७ कोटी रुपये त्यांच्याकडे. सगळ्यात कमी बोली लावली डेटाविंडने, सुनीत सिंग तुली आणि राजा सिंग तुली या भावांची कॅनडातली कंपनी. बोली किती? ४९.९८ डॉलर. रुपयात २,२७६.

४७ आणि ४९.९८. चार वर्षं, दोन मंत्री, तिरुपती, दिल्ली, एवढी भाषणं, आणि बाजाराने परत तिथेच आणून सोडलं. मी हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा अक्षरशः हसायला आलं.

पण पेपरातलं नाव बदललं नाही हं. '३५ डॉलरचा टॅबलेट' हेच चालू. सरकार अर्धे पैसे घालणार, विद्यार्थ्याला ११३८ रुपयांना पडणार, म्हणजे मुलाच्या खिशातून जाणारे पैसे पस्तीस डॉलरपेक्षाही कमीच झाले, आणि लोकांनी ते 'किंमत कमी झाली' असं वाचलं. ती कमी झालीच नव्हती, अर्धी दुसऱ्या खिशातून चालली होती. घोषणा झालेल्या वस्तूच्या बाबतीत किंमत आणि सबसिडी यांची अशी सरमिसळ झाली की माझं डोकं तिथेच खाजायला लागतं.

५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत समारंभ, आकाश नाव दिलं, पाचशे विद्यार्थ्यांना तिथेच वाटले. म्हणजे गाडी दिसली! खरं सांगतो, माझी पार्टी त्या दिवशी गप्प झाली. नंतर स्पेसिफिकेशन आली ती अशी: ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, सात इंची रेझिस्टिव्ह स्क्रीन, अँड्रॉइड २.२, दोन यूएसबी, आणि इंटरनेट फक्त वायफायवर. बॅटरी २१०० एमएएच, कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे तीन तासांपर्यंत. रेझिस्टिव्ह म्हणजे बोट नुसतं फिरवून चालत नाही, दाबायला लागतं, एटीएमच्या जुन्या स्क्रीनसारखं. गुगलचं अॅप मार्केट त्यात नव्हतं. आणि वायफाय! २०११ साली आमच्या तालुक्यात वायफाय असलेली जागा म्हणजे एका डॉक्टरांचं घर. ज्या पोरांसाठी हे बनवलं त्यांच्या शाळेत लाइटची बोंब, तिथे वायफायचं काय घेऊन बसलात. ही शंका मात्र आमच्यातल्या फार थोड्यांनी घेतली, कारण सगळे 'पस्तीसमध्ये होतं का नाही' यावरच अडकलेले.

त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने साध्या गिऱ्हाइकासाठी ऑनलाइन बुकिंग उघडलं, आणि सिमकार्ड चालणारं पुढचं मॉडेल, यूबीस्लेट ७, किंमत २,९९९. दोनेक आठवड्यांत चौदा लाख बुकिंग झाल्याची बातमी आली. चौदा लाख. मी तात्यांना ही बातमी मोठ्या उत्साहात वाचून दाखवली, म्हटलं बघा तात्या, एवढे लोक काय वेडे आहेत का. ते तंबाखू मळत म्हणाले, "रिझर्वेशन फुल्ल झालं म्हणून गाडी निघत नसती मास्तर. गाडी निघते ती ड्रायव्हर बसल्यावर." आणि तसंच झालं. महिनोन्महिने वाट बघणाऱ्यांच्या तक्रारी २०१२ भर पेपरात येत राहिल्या. एवढ्या मागणीला माल बनवणारी लाइन कोणाकडेच उभी नव्हती. बुकिंगचा आकडा हा मागणी किती आहे ते सांगतो, पुरवठ्याबद्दल त्यातून कणभरही कळत नाही, पण बातमीत तो असा वापरला जातो की जणू तेवढा माल गोडाऊनमध्ये पडलाय.

तिकडे सरकारी एक लाखाचं काय चाललं होतं ते जास्त शिकण्यासारखं आहे. साधारण दहा हजार नग गेले आणि घोडं अडलं, कारण तपासणी. आयआयटी राजस्थानचं म्हणणं यंत्र कणखर पाहिजे, आणि त्यांनी लावलेला मापदंड होता अमेरिकन लष्कराचा, मिल-स्टँडर्ड ८१०, त्यात तासाला चार इंच पाऊस पडला तरी यंत्र टिकलं पाहिजे इथपर्यंत गोष्टी. डेटाविंड म्हणाली हे आधी ठरलंच नव्हतं, पन्नास डॉलरच्या वस्तूला लष्करी परीक्षा कशी लावता. जोडणी करणाऱ्या हैदराबादच्या क्वाड इलेक्ट्रॉनिक्सशी पैशांवरून वेगळाच वाद झाला.

आता बघा, दोघांचंही बरोबर आहे असं वाटतं ना? मुलाच्या दप्तरात राहणारी वस्तू पडणार, भिजणार, त्यामुळे आयआयटीची चिंता काही खोटी नाही. आमच्या क्लासात टेबलावर ठेवलेले माउससुद्धा सहा महिने टिकत नसत. पण लष्करी मापाला उतरणारी अशी मजबूत यंत्रं कंपन्या विकतात त्यांची किंमत लॅपटॉपपेक्षा जास्त असते, दुप्पट-तिप्पट, हे धंद्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणजे किंमत ठरवली एका टेबलावर, मजबुती ठरवली दुसऱ्या टेबलावर, आणि ही दोन टेबलं एकमेकांशी बोललीच नाहीत. 'माल स्वीकारला' असं कधी म्हणायचं, कोण म्हणणार, कुठल्या कागदावर, हे जर ऑर्डर देतानाच लिहिलेलं नसेल तर यंत्र कितीही खरं असो, ते कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये लटकत राहतं. हार्डवेअरच्या घोषणा मरतात त्या बऱ्याचदा इथे. लॅबमध्ये यंत्र चालू असतं, फोटोत छान दिसतं, फक्त पावतीवर सही होत नाही. मी त्या वेळी या वादाच्या बातम्या वाचून 'बघा, आपटलं' म्हणून टाळ्या पिटल्या होत्या, नीट वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर कळलं असतं की आपटायचं कारण आम्ही सांगत होतो ते नव्हतंच.

२०१२ मध्ये काम जोधपूरहून पवईला आलं, आयआयटी मुंबईकडे, आणि सूत्रं प्राध्यापक दीपक फाटक यांच्याकडे. इथून पुढे प्रकरणाचा सूर बदलतो. स्पेसिफिकेशन वाढवली, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, बोट फिरवून चालणारी कपॅसिटिव्ह स्क्रीन, अँड्रॉइड ४. आणि किंमत? २,२६३ रुपये. म्हणजे जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं यंत्र तेवढ्याच पैशात. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश २ चं लोकार्पण झालं, त्याच सुमाराला देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या हजारो शिक्षकांचं प्रशिक्षण आयआयटी मुंबईने ऑनलाइन घेतलं. माझा एक मित्र तेव्हा अशाच कॉलेजात शिकवायचा, त्याने कॉलेजला मिळालेला एक टॅब मला आणून दाखवला, त्यावर सी आणि पायथनचे प्रोग्रॅम चालवले, गणितं सोडवायचं साय-लॅब चालवलं. मी तो हातात घेतला तेव्हा पहिला विचार काय आला माहितीये, अरे ही गाडी खरंच आहे की. पवईच्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, त्यांनी पस्तीस डॉलरबद्दल बोलणं कमी करून या यंत्रावर शिकवायचं काय यावर डोकं घातलं.

मग लगेच दुसरा बाँब. त्याच महिन्यात इंग्रजी पेपरात बातमी फुटली की आकाश २ चीनमधल्या कारखान्यांकडून तयार घेतलाय, साधारण ४२ डॉलरला. कंपनीने खुलासा केला की पहिल्या दहा हजारांसाठी घाई होती म्हणून मदरबोर्ड आणि किट चीनमध्ये बनवून घेतले, शेवटची जोडणी आणि प्रोग्रॅमिंग भारतातच. त्यावर देशभक्त विरुद्ध देशद्रोही असा नेहमीचा तमाशा झाला. आणि २८ नोव्हेंबरला तोच टॅबलेट न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हातात, भारताचा अभिमान म्हणून!

मला विचाराल तर 'मेड इन चायना' हा तिथला सगळ्यात बिनमहत्त्वाचा मुद्दा होता. आकाश २ त्याच पैशात एवढा सुधारला कसा? मंत्रालयाने काही जादू केली म्हणून नाही. त्या वर्षी चीनमधल्या शेनझेन शहरात ऑलविनर कंपनीच्या स्वस्त चिप आल्या आणि बिननावाच्या टॅबलेटचा पूर आला, सगळ्या जगातच सात इंची टॅब पन्नास डॉलरच्या आसपास उतरला. म्हणजे आपण २००७ पासून ज्या किमतीची घोषणा करत होतो ती शेवटी आली, पण आपल्या घोषणेमुळे नाही आली, शेजारच्या कारखानदारांमुळे आली. वर त्यात डॉलर टेंडरच्या वेळच्या साडेपंचेचाळीसवरून ५५ रुपयांपर्यंत चढलेला, त्यामुळे रुपयातली किंमत डॉलरमध्ये मोजली तर आपोआप ४१ वर आली. ही शेवटची गंमत फारशी कोणी बोललं नाही, पण डॉलरमधल्या किमतीला टाळ्या वाजवताना रुपया पण बघायचा असतो.

मधेच, ऑक्टोबर २०१२ ला, खातं बदललं. सिब्बल गेले, पल्लम राजू आले, आणि त्यांनी पुढच्या वसंतात सांगून टाकलं की हार्डवेअरचा एवढा अट्टहास नको. सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो तो होतो. एक लाखाची ऑर्डर रखडत का होईना २०१३ मध्ये पुरी झाली, आयआयटी मुंबईमार्फत कॉलेजांना टॅब गेले. आकाश ४ ची स्पेसिफिकेशन जाहीर झाली, पन्नास लाख टॅब घ्यायच्या गोष्टी झाल्या, आणि २०१४ मध्ये सरकारच बदललं. आकाश ४ कोणी पाहिला नाही.

हिशोब करा आता. बोललं जात होतं बावीस कोटी विद्यार्थ्यांबद्दल. आले एक लाख. म्हणजे बावीसशे पोरांमागे एक टॅब. आमच्या हायस्कुलात तेव्हा पट होता अकराशेचा, म्हणजे दोन हायस्कुलांत मिळून एक. रात्री इकडे, दिवसा तिकडे ठेवायचा.

तर मग हे आलं म्हणायचं का नाही आलं? इथेच आम्हा शंकेखोरांची पंचाईत होते. यंत्र आलं, मी हातात धरलंय. किंमत जवळपास आली. कंपनी खोटी नव्हती, डेटाविंड पुढे २०१४ मध्ये टोरंटोच्या शेअर बाजारात उतरली आणि २०१५ मध्ये भारतात नगांच्या हिशोबाने सगळ्यात जास्त टॅब विकणारी झाली. 'हे कधीच येणार नाही' म्हणणारे आम्ही सपशेल चुकलो. आणि तरीसुद्धा जे जाहीर केलं होतं, प्रत्येक मुलाच्या हातात पाटी, ते बाजारातही नाही आलं आणि शाळेतही नाही. आमच्या गावच्या एकाही पोराला आकाश मिळाला नाही. त्यांना हवं होतं ते काय तर चालणारं यंत्र, जवळ दुरुस्तीचं दुकान आणि नेटला पैसे लागणार नाहीत अशी सोय. यातल्या पहिल्या गोष्टीवर सगळा देश भांडला, उरलेल्या दोन कुठल्याच भाषणात नव्हत्या.

आमच्या मराठीत 'बाजारात तुरी' म्हणतात, पण ती म्हण इथे पूर्ण लागू होत नाही, कारण तुरी बाजारात होत्या, शेनझेनच्या बाजारात होत्या, आपण फक्त त्या आपल्या शेतातल्या आहेत आणि दहा डॉलरला सगळ्या गावाला वाटणार आहोत असं सांगत बसलो. या सगळ्यानंतर माझी सवय अशी लागली की कुठल्याही स्वस्त यंत्राची घोषणा आली की फोटो बघतच नाही, बातमीत पैसे कोणी कोणाला दिलेत तेवढं शोधतो. नमुना दाखवायला पैसे लागत नाहीत फार. साच्याला लागतात, पॅनलची आगाऊ ऑर्डर द्यायला लागतात, बँक गॅरंटीला तर लागतातच. पुढे २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या फोनची पानभर जाहिरात आली तेव्हा मी क्लासच्या पोरांना हेच विचारलं, गिऱ्हाइकाकडून पैसे घेतायत ते दिसतंय, पण यांनी कारखान्याला किती दिलेत ते कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. एका पोराने तरीही बुक केला, मित्राच्या कार्डावरून.

आकाशचा शेवट कसा झाला हे पण सांगायला हवं. २०१५ मध्ये माहिती अधिकारात कोणीतरी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की प्रकल्प ३१ मार्चलाच बंद झालाय. सुरुवातीला मंत्री, मग राष्ट्रपती, मग थेट संयुक्त राष्ट्रं, आणि शेवटी एका अर्जाला आलेलं टपाल. त्यासाठी ना समारंभ झाला ना पत्रकार परिषद.

जून २०२० ला, शाळा बंद, सगळं ऑनलाइन, मी क्लास केव्हाच बंद करून पुण्याला आलेलो, तर तात्यांचा फोन आला. रिटायर झालेले, आवाज थकलेला. नात पाचवीत, घरात एकच स्मार्टफोन आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो. "मास्तर, ती सरकारची पाटी होती बघा, दीड हजाराची. ती आली का हो शेवटी?" मी त्यांना सगळं सांगितलं, जोधपूर, पवई, एक लाख, माहिती अधिकार, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटलं, तात्या, माझ्याकडे एक जुना फोन पडलाय, स्क्रीनला तडा आहे पण चालतो, पाठवू का कुरिअरने? म्हणाले पाठवा. आणि मग फोन ठेवता ठेवता विचारलं,

"मग त्यांनी बोर्ड तरी उतरवला का नाही?"